तुटलेली नळी संगणकाला दिसेना, तेव्हा

प्रोटॉन-न्यूट्रॉनचा घटक असलेला क्वार्क एकटा कधीच सापडत नाही. क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांना एकमेकांपासून दूर नेऊ लागलं, की त्यांच्यामधलं ग्लुऑनांचं, म्हणजे क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांचं, क्षेत्र चहूकडे पसरण्याऐवजी एका अरुंद नळीत आवळलं जातं. दर फेम्टोमीटरमागे (साधारण प्रोटॉनच्या आकाराएवढ्या अंतरामागे) या नळीत साधारण १ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा साठते. अंतर वाढवत नेलं, की एका टप्प्यावर नवी क्वार्क-प्रतिक्वार्क जोडी तयार होणं ऊर्जेच्या हिशेबात स्वस्त पडतं. नळी तुटते आणि दोन मेसॉन, म्हणजे क्वार्क-प्रतिक्वार्कच्या दोन वेगळ्या जोड्या, उरतात.

हे गणित कागदावर सुटत नाही. त्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सन यांनी १९७४मध्ये मांडलेली पद्धत वापरतात: अवकाश आणि काळ यांची चौमितीय जाळी घ्यायची, तिच्या बिंदूंवर क्वार्क, दुव्यांवर ग्लुऑन ठेवायचे आणि बाकीचं महासंगणकावर सोपवायचं.

पण सुरुवातीच्या गणितांत नळी तुटतच नव्हती! तुटायला हवी त्या अंतरापुढेही ऊर्जा आपली वाढतच होती. सिद्धांत बरोबर होता. प्रश्न अपुरा होता. जाळीवर कण थेट दिसत नाही. आपण एक विशिष्ट रचना निर्माण करतो आणि काळ पुढे सरकताना तिचा संकेत किती वेगाने क्षीण होतो ते मोजतो. सर्वात कमी ऊर्जेची अवस्था शेवटी उरते खरी, पण आपल्या रचनेत तिचा अंश नगण्य असेल तर ती वर येण्याआधीच संकेत गोंगाटात बुडतो. नुसती नळी रचली, तर दोन मेसॉनांचा अंश असा नगण्यच असतो.

उपाय म्हणजे नळीची आणि दोन मेसॉनांची अशा दोन्ही रचना घ्यायच्या, एकीतून दुसरीत जाण्याचं प्रमाणही मोजायचं आणि त्या मॅट्रिक्समधून खऱ्या ऊर्जापातळ्या काढायच्या. २००५मध्ये भौतिकशास्त्रज्ञ गुन्नार बाली आणि सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. सुमारे १.२५ फेम्टोमीटरवर दोन्ही पातळ्या जवळ आल्या, पण एकमेकींना छेदून गेल्या नाहीत. त्यांच्यात जेमतेम ५० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टची फट राहिली. त्या जागी ‘ही नळी की दोन मेसॉन?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो, कारण प्रत्येक अवस्थेत दोन्ही असतात. (या गणितातले हलके क्वार्क निसर्गातल्यापेक्षा जड होते, त्यामुळे आकडा अंतिम समजू नये.)

ग्लूबॉलची, म्हणजे निव्वळ ग्लुऑनांच्या कणाची, पंचाईतही याच जातीची. क्वार्क वगळले तर सर्वात हलक्या ग्लूबॉलचं वस्तुमान, ऊर्जेच्या एककात, १.७ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतं. क्वार्क आत घेतले, की तो त्याच गुणधर्मांच्या मेसॉनांमध्ये मिसळतो. प्रयोगांत सापडलेल्या एफ-शून्य १५०० आणि १७१० या कणांपैकी कोणात ग्लुऑनांचा वाटा जास्त, यावर अजून वाद चालू आहे.