मिझोगुची, केंजी

मिझोगुची, केंजी : (१६ मे १८९८ – २४ ऑगस्ट १९५६). जपानी चित्रपट-दिग्दर्शक. पुरुषांच्या हावेची, कर्जाची आणि भेकडपणाची किंमत बायकांना मोजावी लागते, हा त्यांच्या चित्रपटांचा आयुष्यभराचा विषय.

त्यांचा जन्म टोक्योच्या होंगो भागात झाला. रशिया–जपान युद्धाच्या वेळी (१९०४–०५) वडिलांनी सैन्याला रेनकोट पुरवण्याचा धंदा काढला. तो बुडाला आणि कुटुंब आसाकुसा या गरीब वस्तीत आले. बहीण सुझु हिला दत्तक दिले गेले. पुढे ती गेइशा (नाचगाण्याने पुरुषांचे मनोरंजन करणारी व्यावसायिक स्त्री) झाली. १९१५ मध्ये आई वारल्यावर घराला सुझुचाच आधार उरला. घरासाठी खर्ची पडणारी मुलगी मिझोगुचींच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा येते, तिचे मूळ इथे आहे.

पाश्चात्त्य चित्रकलेचे शिक्षण घेऊन त्यांनी कोबेतील एका वृत्तपत्रात जाहिरातींची चित्रे काढली. १९२० मध्ये ते निक्कात्सु या चित्रपट कंपनीत शिरले आणि १९२३ मध्ये दिग्दर्शक झाले. त्याच वर्षीच्या महाभूकंपाने टोक्यो उद्ध्वस्त झाले, तेव्हा कंपनीने त्यांना क्योटोला हलवले. पुढे हेच त्यांचे गाव ठरले. एकूण सुमारे नव्वद चित्रपटांपैकी आज जेमतेम तीस पाहायला मिळतात. मूकपटांच्या काळातले बहुतेक काम नष्ट झाले आहे.

१९३६ मध्ये पटकथाकार योशिकाता योदा यांच्या साथीने केलेल्या दोन चित्रपटांनी त्यांना त्यांची वाट सापडली. दोन्हींत इसुझु यामादा ही अभिनेत्री होती. ‘नानिवा एरेजी’मधली टेलिफोन ऑपरेटर वडिलांनी केलेली अफरातफर भरून काढण्यासाठी मालकाची रखेल होते आणि शेवटी तेच घर तिला दाराबाहेर काढते. ‘गिओन नो क्योदाई’त दोन गेइशा बहिणी आहेत, एक निष्ठेने वागणारी, दुसरी पुरुषांना खेळवणारी. दोघींच्याही पदरी तेच पडते. धाकटी इस्पितळातल्या खाटेवरून गेइशा नावाची गोष्ट जगात असतेच कशाला, असा आक्रोश करते आणि चित्रपट तिथेच थांबतो. ‘झांगिकु मोनोगातारी’ (१९३९) मध्ये काबुकी या पारंपरिक जपानी रंगभूमीवरच्या नटाला मोठे करण्यासाठी झिजून गेलेली ओतोकु अंथरुणावर प्राण सोडते, त्या वेळी तिचा नवरा नदीवरच्या मिरवणुकीत लोकांचे मुजरे घेत असतो.

एक प्रसंग शक्यतो एकाच शॉटमध्ये घ्यायचा, ही त्यांची पद्धत. क्लोज-अप क्वचित. कॅमेरा पात्रांपासून अंतर राखून असतो; ती चालली की तोही सरकतो. पाहणाऱ्याला नजर वळवायला जागा मिळत नाही आणि जवळ जाऊन हळहळण्याची सोयही नसते. म्हणून त्यांच्या चित्रपटांतले दुःख रडवेपणाकडे झुकत नाही. ‘उगेत्सु मोनोगातारी’ (१९५३) मधले कुंभाराचे घरी परतणे याचा उत्तम नमुना आहे. यादवी युद्धाच्या धामधुमीत बायको-मुलाला सोडून गेलेला गेन्जुरो रात्री अंधाऱ्या, रिकाम्या घरात शिरतो, हाका मारत मागच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालतो. कॅमेरा आतच राहून खिडक्यांतून त्याच्या मागे फिरतो, आणि तो पुन्हा आत येतो तेव्हा चूल पेटलेली असते, शेजारी बायको बसलेली असते. मध्ये एकही कट नाही. ती केव्हाच मेलेली आहे, हे त्याला सकाळी कळते. या चित्रपटाचे छायालेखक काझुओ मियागावा यांनी कॅमेरा उचलणाऱ्या क्रेनचा सढळ वापर केला. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा ‘राशोमोन’ही त्यांनीच चित्रित केला होता.

सेटवर मिझोगुची निष्ठुर होते. अभिनय कसा करायचा हे नटांना सांगत नसत, जमेपर्यंत पुन्हा करायला लावत. योदांची पटकथा कितीदा परत येई, याला मोजमाप नव्हते.

१९५१ मध्ये ‘राशोमोन’ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर मिझोगुचींना तिथे लागोपाठ तीन वर्षे गौरव लाभला : ‘सैकाकु इचिदाई ओन्ना’ (१९५२), ‘उगेत्सु’ आणि ‘सानशो दायू’ (१९५४). तिन्हींत किनुयो तानाका ही अभिनेत्री आहे. पहिल्यातली, दरबारातून वेश्यावस्तीपर्यंत घसरत गेलेली ओहारू ही तिची सर्वांत मोठी भूमिका म्हणावी लागेल. मात्र हीच तानाका स्वतः दिग्दर्शन करायला निघाली तेव्हा मिझोगुचींनी विरोध केला. पडद्यावर बायकांची बाजू इतक्या कळवळ्याने मांडणाऱ्या माणसाचे हे वागणे त्यांच्या चरित्रातून गाळता येत नाही.

‘आकासेन चिताई’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट टोक्योच्या योशिवारा या वेश्यावस्तीतील एका कुंटणखान्यातल्या बायकांचा आहे. वेश्याव्यवसायबंदीच्या विधेयकावर जपानी संसदेत वाद चालू असतानाच तो मार्च १९५६ मध्ये प्रदर्शित झाला. मे महिन्यात कायदा मंजूर झाला. ऑगस्टमध्ये क्योटो येथे रक्ताच्या कर्करोगाने मिझोगुचींचे निधन झाले. हाती घेतलेला ‘ओसाका मोनोगातारी’ कोझाबुरो योशिमुरा यांनी दिग्दर्शित करून १९५७ मध्ये पडद्यावर आणला.