ट्रायपॉडला बॅग लटकवली की वाऱ्याची चिंता मिटली?

‘मधल्या हुकला कॅमेऱ्याची बॅग अडकवा, मग कितीही वारा असो, ट्रायपॉड हलणार नाही.’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय, आणि तो अर्धाच खरा आहे.

वजनामुळे ट्रायपॉड उलटण्याची शक्यता कमी होते, हे बरोबर. पण अधांतरी लटकलेली बॅग स्वतःच वारा धरते आणि लंबकासारखी झुलू लागते. प्रत्येक झोक्याचा धक्का मधल्या दांड्यातून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो, आणि एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर (म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवून घेतलेला फोटो) हमखास हलतं. बॅग लावायचीच असेल तर पट्टा एवढा लांब ठेवा की तिचा तळ जमिनीला टेकेल आणि पट्टा मात्र ताणलेला राहील. झुलणं तिथेच थांबतं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून खरेदी करताना डब्यावरच्या ‘१० किलो क्षमता’ अशा आकड्यावर जाऊ नका. तो आकडा भार पेलण्याचा आहे, थरथर रोखण्याचा नाही. त्यापेक्षा सगळ्यात खालच्या नळीची जाडी बघा. पाय जितक्या जास्त टप्प्यांत उघडतात, तितकी ती नळी बारीक होत जाते. माझ्या मते वाऱ्यासाठी तीन टप्प्यांचे पायच घ्यावेत. मधला दांडा वर न काढता डोळ्यापर्यंत येणारी उंची मिळाली, तर उत्तमच.

आणि हो, कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा काढून ठेवा. तो फडफडतो, आणि ती थरथर फोटोत उतरते.