भरतीला कालवे, ओहोटीला पंगत

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील स्काय बेटावर, पोर्ट्री गावाच्या किनाऱ्याला, २०१७ साली जाळीदार लोखंडी चौकटींचे एक लांबलचक टेबल मांडण्यात आले. भरतीच्या वेळी ते पाण्याखाली जाई आणि त्याच्या जाळ्यांत ठेवलेली कालवे (ऑयस्टर हे शिंपल्यातले जीव) आपला चारा गाळून घेत. ओहोटी लागली की तेच टेबल उघडे पडे आणि बूट घातलेली माणसे त्याच्याभोवती जमून कालवे, शिंपले व समुद्रशैवाल यांचे पदार्थ चाखत. ‘कुकिंग सेक्शन्स’ या नावाने काम करणाऱ्या डॅनियल फर्नांडेझ पास्कुअल आणि अलोन श्वाबे या जोडीची ही कलाकृती होती. जेवणाची वेळ यजमान नव्हे, तर समुद्र ठरवत होता.

वाढलेल्या पदार्थांइतकेच महत्त्व न वाढलेल्या पदार्थाला होते. स्कॉटलंडच्या या किनाऱ्यावर समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवलेला सॅल्मन मासा हा मोठा व्यवसाय आहे, आणि तोच या टेबलावर नव्हता. रानटी सॅल्मनचे मांस केशरी-गुलाबी होते, ते कोळंबीसारख्या लहान कवचधारी जीवांमधील अस्टॅक्झॅन्थिन या रंगद्रव्यामुळे. पिंजऱ्यातल्या माशाला हा आहार मिळत नाही. खाद्यात रंगद्रव्य मिसळले नाही, तर त्याचे मांस फिकट, करडे राहते. मांसाची छटा जोखण्यासाठी या व्यवसायात रंगपट्ट्यांचा एक पंखाच वापरतात, ज्यावर २० ते ३४ असे क्रमांक असतात. गिऱ्हाईक ज्याला ताजेपणाची खूण समजते, तो रंग असा आधीच ठरलेला असतो.

पण रंग ही त्यातली किरकोळ बाब. पिंजऱ्यांच्या उघड्या जाळ्यांतून माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य थेट समुद्रात जाते. दाटीत समुद्री उवा, म्हणजे माशांच्या अंगावर जगणारे परजीवी, फोफावतात आणि नदीतून समुद्राकडे निघालेल्या रानटी सॅल्मनच्या कोवळ्या पिल्लांनाही चिकटतात. २०२३ मध्ये ग्रेट ब्रिटनमधील अटलांटिक सॅल्मनची नोंद आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून झाली. तापणारे पाणी, बंधारे आणि नद्यांचे प्रदूषण हीही त्यामागची कारणे आहेत; सगळा दोष पिंजऱ्यांच्या माथी मारणे रास्त ठरणार नाही.

कालवाचे गणित उलटे आहे. त्याला खाद्य घालावे लागत नाही. कल्ल्यांवरील सूक्ष्म केसांच्या हालचालीने ते पाणी आत ओढते, त्यातील शेवाळकण खाते आणि नको असलेले कण श्लेष्मात गुंडाळून तळाशी टाकते. एक कालव दिवसाला शंभराहून अधिक लिटर पाणी गाळते असे सांगतात, पण तो आकडा अनुकूल स्थितीतला आहे. थंड पाण्यात वेग बराच मंदावतो. शिवाय गाळणारा जीव पाण्यातले विषाणूही अंगात साठवतो, त्यामुळे सांडपाणी मिसळलेल्या खाडीतले कालव कच्चे खाणे धोक्याचेच. एका टेबलाने समुद्र शुद्ध होत नाही, हे मान्य करूनच या पंगतीकडे पाहावे.

तिचा परिणाम मात्र ताटांवर दिसला. स्कायमधील काही उपाहारगृहांनी पिंजऱ्यातला सॅल्मन वगळला आणि २०२१ मध्ये टेट या ब्रिटिश कलासंस्थेनेही आपल्या उपाहारगृहांतून तो काढला. युरोपातली मूळची चपटी कालवे अतिउपसा आणि रोगामुळे फार थोडी उरली आहेत. मत्स्यशेतीत आज बहुतांशी पॅसिफिक जातीची कालवे वाढवतात. स्कॉटलंडच्याच डॉर्नॉक खाडीत २०१७ पासून मूळ जात पुन्हा रुजवली जात आहे, आणि ती कालवे कोणाच्या ताटासाठी नाहीत.