जुन्या लष्करी गाडीचे ब्रेक : किट बसवण्याआधी हे वाचा

आमच्याकडून ब्रेकचं किट (सिलेंडरमधले रबरी कप वगैरे) नेलं, घरी बसवलं आणि थोड्याच दिवसांत मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलेंडर, जाम झाला, असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पार्ट कशात धुतले होते? उत्तरही बहुतेक ठरलेलंच येतं. पेट्रोलमध्ये. नाहीतर डिझेलमध्ये. "आणि पिस्टन सरकायला जरा ग्रीस लावलं." मग किट खराब नव्हतं हे पटवण्यात तुमचा वेळ जातो, आमचाही जातो. तो वाचावा म्हणून हे पत्रक.

जोंगा, निसान वन-टन, विलीज किंवा महिंद्राची जुनी जीप घरच्या शेडमध्ये लावून सवडीने तयार करणारे बरेच जण आमचे गिऱ्हाईक आहेत. धोनीने २०१९ मध्ये जोंगा घेतली, तेव्हापासून तरुण पोरांच्या चौकशाही वाढल्यात. गाडी आहेच तशी. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत १९६९ ते १९९९ अशी बनलेली, जाड पत्रा, दणकट चासी. पण ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन पोसायचं कुणी? म्हणून पहिलं लक्ष डिझेल इंजिनाकडे जातं, मग रंगाकडे, आणि ब्रेकचा नंबर लागतो शेवटी. आंबा घाट उतरायचा असेल तर हा क्रम उलटा हवा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. ऐकणारे थोडे.

नेमकं बिघडतं कसं

ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर बनतं आणि सिलेंडरमधले रबरी कप त्यालाच चालतील अशा रबराचे असतात. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस हे सगळं खनिज तेल. ते या रबराला लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. लगेच दिसत नाही. गाडी शेडबाहेर निघते, गावात फिरून येते, सगळे खूश. मग हळूहळू पेडल वर राहायला लागतं.

मास्टर सिलेंडरच्या आत ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. पाय उचलला की कप मागे येतो, छिद्र उघडं होतं आणि तापून फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. फुगलेला कप पुरता मागे येत नाही, छिद्र झाकलेलंच राहतं. ऑइलला वाट नाही, म्हणून ब्रेक आपोआप लागून राहतात, ड्रम तापतात, ऑइल आणखी फुगतं आणि चारही चाकं धरून गाडी रस्त्यात उभी राहते. ब्लीडिंगचा निपल (पाइपातली हवा काढायचा चाकाजवळचा स्क्रू) सैल करून थोडं ऑइल सोडलं की गाडी हलते, म्हणून पुष्कळ जण तसंच चालवत राहतात. कृपया असं करू नका.

खरं खोटं घरीच कळतं. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि टाकीतल्या ऑइलचे थेंब त्यात टाकून ढवळा. नुसतं ब्रेक ऑइल असेल तर पाण्यात मिसळून जाईल. वर तवंग आला तर त्यात खनिज तेल आहे. आमच्याकडे परत आलेल्या मालाची हीच परीक्षा आम्ही गिऱ्हाइकासमोर करतो, त्यामुळे वाद होत नाही.

एक गोष्ट मात्र आधी बघा, म्हणजे उगाच कपांना दोष जाणार नाही. पेडलला सुमारे अर्धा इंच मोकळी चाल हवी. पुशरॉड (पेडलकडून पिस्टन ढकलणारा दांडा) फार पुढे आणून ठेवला असेल तर चांगला कपही तेच छिद्र झाकून बसतो आणि लक्षणं हुबेहूब तशीच दिसतात. त्याला किट लागत नाही, एक पाना लागतो.

तेल शिरतं कुठून, हे सांगितल्यावर पुष्कळांना आश्चर्य वाटतं. इंजिनाचे पार्ट धुतलेल्या ट्रेमध्येच व्हील सिलेंडर (चाकाजवळचे छोटे सिलेंडर) बुचकळले जातात. पाइप कॉम्प्रेसरने फुंकले जातात आणि कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर त्याचं ऑइलही आत जातं. कुणी वाटेत ऑइल कमी दिसलं म्हणून गॅरेजवाल्याकडचं पॉवर स्टीअरिंगचं ऑइल ओततं. धुवायला स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल वापरा. कप बसवताना बोटाला ब्रेक ऑइलच लावा. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइलं एकमेकांत चालतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात घालू नका. आणि सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवा, नव्या रंगाचं ते वाटोळं करतं.

"फक्त मास्टरचं किट द्या"

सिस्टिममध्ये खनिज तेल गेलं असेल तर आम्ही एकटं मास्टरचं किट देत नाही. मास्टर, चारही व्हील सिलेंडर आणि सगळे होस पाइप, म्हणजे जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदलायचं आणि लोखंडी पाइप स्पिरिटने धुवायचे. यावर "माल खपवताय" असं ऐकून घ्यावं लागतं. पण होसच्या आतल्या रबराने पिलेलं तेल परत ऑइलमध्ये उतरतं आणि नवा कपही त्याच वाटेने जातो. एक किट विकून तुम्हाला पुन्हा बोलावणं आम्हाला काही अवघड नाही. आम्हाला ते नको आहे, इतकंच.

स्लीव्हबद्दलही (सिलेंडरच्या आत बसवायच्या नळीबद्दल) तेच ऐकून घ्यावं लागतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. आधी सैन्याच्या डेपोत आणि मग कोकणात पावसाळे काढलेल्या गाडीच्या बोअरमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या पोकळीत, खड्डे पडलेले असणारच. होनिंग करून, म्हणजे आतून घासून, ते घालवता येतात, पण खोल खड्डा जाईपर्यंत बोअर मोठा होतो आणि कपाची कड धरत नाही. बाजारात "जवळपासच्या" मापाचा सिलेंडर मिळतो, तो लावला की पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ जातो. म्हणून आम्ही स्टीलची स्लीव्ह मारून बोअर मूळ मापावर आणतो. महाग पडतं, खरं आहे. पुढे मात्र दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं एवढंच तुमच्याकडे राहतं.

अपग्रेड करणार असाल तर

मूळ विलीजमध्ये चारही चाकांना ऑइलचं एकच सर्किट असतं. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. डबल सर्किटचा मास्टर बसवणं हा आम्हाला सगळ्यात शहाणपणाचा खर्च वाटतो, त्यासाठी लागणारं ब्रॅकेट आम्ही गाडी बघून बनवतो. पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क लावत असाल तर ड्रमसाठी थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह मास्टरमध्ये आहे का ते विचारा. तो डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड घासत राहतात. बूस्टर (व्हॅक्यूमवर पेडलचा जोर वाढवणारा डबा) असेल आणि पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन येत असेल तर व्हॅक्यूम पंप लागेलच, कारण डिझेलच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातून, व्हॅक्यूम मिळत नाही. मागे पंप असलेला अल्टरनेटर घेतला की काम भागतं. इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या आणि आरसीवर नोंद करून घ्या.

जुन्या लायनरची (ड्रमवर घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तराची) धूळ हवेने फुंकू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

रंगाचंही रोज विचारतात. ऑलिव्ह ग्रीन मारून मिळणार नाही. तो रंग मोटार वाहन नियमांत सैन्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलाय (नियम १२१). दुसरा कुठलाही हिरवा दाखवा, आरटीओला चालत असेल तर आम्हालाही चालेल.

सिलेंडर पाठवताना शक्यतो न उघडता पाठवा, ऑइल काढून आणि तोंडाला बूच लावून. कुठल्या चाकाचा कुठला ते चिठ्ठीवर लिहा. उघडला असेल तर कशात धुतला तेही लिहा, आम्ही रागावत नाही. उद्यमनगरात कुरिअर रोज येतं. सोमवारी दुकान बंद.