जकात आणि पेटंटच्या कोर्टात वर्णी कोणाची लागायची?

अमेरिकेत आयात मालावरच्या जकातीचे दावे देशभरातल्या न्यायालयांत विखुरले जायचे आणि निकालांचा एकमेकांशी मेळ बसत नसे. म्हणून १९०९ च्या पेन-ऑल्ड्रिच जकात कायद्याने या अपिलांसाठी पाच न्यायाधीशांचं वेगळं कोर्ट काढलं. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी नेमलेल्या पहिल्या पाचांत पोर्तो रिकोचे माजी गव्हर्नर विल्यम हंट होते आणि फिलिपिन्सचे माजी गव्हर्नर जनरल जेम्स स्मिथही.

१९२९ मध्ये पेटंट कार्यालयाविरुद्धची अपिलंही इथे आली आणि नाव ‘कोर्ट ऑफ कस्टम्स अँड पेटंट अपील्स’ झालं. पेटंट म्हणजे रसायनं, यंत्रं, तारांची जोडणी. पण खुर्चीवर कोण? मुख्य न्यायाधीश विल्यम ग्रॅहम हे काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, माजी सदस्य. त्याच वर्षी आलेले फिनिस गॅरेट हे प्रतिनिधीगृहातले माजी विरोधी पक्षनेते. पडेल नेत्यांची सोय लावायला हे कोर्ट बरं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

माजी सिनेटर आयर्विन लेनरूट यांची गोष्ट तर भन्नाटच. १९२० च्या रिपब्लिकन अधिवेशनात पुढाऱ्यांनी उपाध्यक्षपदासाठी त्यांचं नाव ठरवलं होतं, पण प्रतिनिधींनी कूलिज यांना उचललं. तीन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारले आणि कूलिज राष्ट्राध्यक्ष झाले. लेनरूट १९२६ मध्ये सिनेटची जागाही गमावून बसले. १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी त्यांना या कोर्टावर नेमलं. नेमणुकीच्या मंजुरीसाठी सिनेटने बंद दाराआड मतदान घेतलं, पण कोणी कसं मत दिलं याची यादी युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या पॉल मॅलन यांनी छापून टाकली. गदारोळ झाला आणि त्याच जूनमध्ये सिनेटने नियम बदलून नेमणुकांवरची चर्चा खुली केली. जकातीच्या कोर्टाची एक नेमणूक, आणि हलली सगळी सिनेट!

पेटंटची वकिली हाच पेशा असलेला माणूस इथे बसायला १९५६ उजाडलं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेमलेले जाइल्स रिच हे १९५२ च्या पेटंट कायद्याच्या मसुदाकारांपैकी एक. तेलाचं विघटन करणाऱ्या जिवाणूचं पेटंट भारतात जन्मलेल्या आनंद चक्रवर्तींना मिळू शकतं, असा निकाल याच कोर्टाने दिला. तो रिच यांनी लिहिला आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरला.

१ ऑक्टोबर १९८२ ला हे कोर्ट ‘फेडरल सर्किट’ या नव्या अपील कोर्टात विलीन झालं. मुख्य न्यायाधीश हॉवर्ड मार्की नव्या कोर्टाचेही मुख्य न्यायाधीश झाले. रिचही तिकडे गेले आणि १९९९ मध्ये ९५ व्या वर्षी वारले, तेव्हाही पदावरच होते.