मजकूर-शोध (मानव्यविद्यांतील)

डिजिटल रूपातील ग्रंथ, नियतकालिके व दस्तऐवज यांतून संगणकाच्या साहाय्याने शब्द, नावे किंवा वाक्प्रयोग हुडकण्याची संशोधनपद्धती. इतिहास, भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासात ती आता रोजची झाली आहे. तिचे फळ मात्र शोधयंत्रापेक्षा मजकूर कसा साठवला आहे यावर जास्त अवलंबून असते.

या पद्धतीचा उगम बहुधा रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट पाद्र्याच्या कामात मानला जातो. टॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या लेखनातील ‘सान्निध्य’ ही कल्पना अभ्यासताना ती ‘इन’ या क्षुल्लक शब्दयोगी अव्ययात दडलेली आहे, असे त्याच्या लक्षात आले. त्या शब्दाची वाक्ये त्याने सुमारे 10,000 कार्डांवर हाताने उतरवली. 1949 मध्ये त्याने आयबीएम या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीची मदत मिळवली आणि पुढे सुमारे एक कोटी शब्दांची सूची छिद्रांकित पत्रांवरून (यंत्राला वाचता यावीत अशी भोके पाडलेली कार्डे) तयार झाली. ती 56 छापील खंडांत निघाली. पत्रे छिद्रांकित करण्याचे काम प्रामुख्याने तरुण स्त्रियांनी केले. त्यांचा उल्लेख फार उशिरा होऊ लागला, हे अन्यायाचेच होते. यंत्राने शब्द मांडून दिले, तरी कोणते रूप कोणत्या मूळ शब्दाचे हे माणसांनीच ठरवले.

मराठीत नेमकी हीच पायरी अवघड आहे. ‘देऊळ’ शोधल्यास ‘देवळात’, ‘देवळास’, ‘देवळे’ हाती लागत नाहीत, कारण सामान्यरूपात ‘ऊ’चा ‘व’ होतो. ‘देवळ’ एवढेच शोधले तर देवळालीही येते. ‘दे’ आणि ‘ळ’ यांच्यामध्ये ऊ, उ किंवा व चालेल असा आकृतिबंध दिला की बहुतेक रूपे सापडतात. देवळाली तेवढी हाताने वगळावी. त्यात 1962 च्या लेखननियमांनी आणखी एक फरक केला. त्यापूर्वी ‘देवळांत’ हे एकवचनीही असे. आज ते अनेकवचनच समजले जाते. दोन्ही काळांतील मजकूर एकत्र मोजणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

काही अडथळे डोळ्यांना दिसत नाहीत. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) दोन प्रकारे साठवता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लागते. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण साध्या शोधाला ते निराळे शब्द वाटतात. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या जुन्या फायलींत तर देवनागरी दिसते, आत मात्र रोमन चिन्हे असतात. स्कॅन केलेल्या पानांचे अक्षरवाचन करताना घ-ध, भ-म यांची अदलाबदल होते, रफार आणि अनुस्वार गळतात. शिळाप्रेसवर छापलेल्या पुस्तकांत हे प्रमाण वाढते.

म्हणून ‘सापडले नाही’ हा पुरावा नव्हे. एखादा शब्द एखाद्या दशकात वापरात नव्हता असे म्हणण्यापूर्वी त्या काळातील काही पाने प्रत्यक्ष वाचून, त्यांतले ओळखीचे शब्द शोधात येतात का, हे तपासावे. कोणता संग्रह, कोणत्या तारखेला, कोणत्या लेखनाने शोधला याची नोंद झोटेरोसारख्या संदर्भव्यवस्थापकात ठेवावी. संग्रह वाढतात, दुरुस्त होतात आणि तोच शोध नंतर वेगळे उत्तर देतो. शब्दार्थासाठी शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेले मोल्सवर्थ आणि दाते यांचे कोश फार मोलाचे आहेत. मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती 1857) जुन्या अर्थांसाठी आधी पाहावा.

मोडी कागद अजून बहुतांशी या शोधाबाहेर आहेत. मोडी 2014 मध्ये युनिकोडमध्ये आली, पण हस्तलिखितांत शब्द सुटे नसतात आणि वळणे लेखकागणिक बदलतात. कालगणनाही निराळी, वर्ष अरबी संख्याशब्दांत लिहिलेले: ‘खमस सितैन मया व अलफ’ (पाच, साठ, शंभर व हजार) म्हणजे मराठेशाहीत चालणारा सुहूर सन 1165, इसवी 1764–65. तेथे ‘1764’ शोधून काहीच मिळत नाही. अशा कागदांसाठी मोडी जाणणाऱ्याने वाचून गाव, व्यक्ती, विषय आणि इसवी सन यांसह देवनागरीत केलेली सूची हीच आज सर्वांत भरवशाची वाट आहे.