मामांची यशिका आणि साडेपंचेचाळीस मिलिमीटर

अंबाजोगाईतला मामांचा फोटो स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. जिथे डार्करूम होती तिथे आता बियाण्यांची पोती असतात. दिवाळीत गेलो तेव्हा लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला यशिका एफएक्स-३ निघाला. त्यावर त्यांनी तालुक्यातली किती लग्नं काढली असतील, त्याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. शटर अडकलेलं, आतला आरसा अर्ध्यात थांबलेला.

"भंगारात घाल," मामा म्हणाले. "रोल धुणारं कोण राहिलंय आता?"

कॅमेरा खरंच गेला होता. पण पुढची ५० मि.मी.ची लेन्स हातात घेऊन फोकसची रिंग फिरवली, तर ती तुपात फिरावी तशी फिरली. अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या, रिंगचे खटके एकेक करून स्पष्ट लागत होते. टॉर्च मारून आत पाहिलं, काचा स्वच्छ होत्या. मराठवाड्यात आजही कितीतरी घरांत आणि बंद पडलेल्या स्टुडिओंत अशा लेन्स पडून असतील, आणि त्या कॅमेऱ्याबरोबर किलोच्या भावाने जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण कॅमेरा मेला तरी लेन्स मरत नाही. ती आजच्या फुल-फ्रेम मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर चालते, आणि का चालते हे घरच्या घरी पाहता येतं.

आम्ही ते पाहिलं. मामांची नात दहावीत आहे, भिंगांचा धडा तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. दुपारी खोलीची दारं लावली, एकच खिडकी उघडी ठेवली. लेन्सचं तोंड खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे केलं, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं, फोकस अनंतावर ठेवला आणि मागे पांढरा कागद धरला. कागद लेन्सला अगदी जवळ होता तेव्हा त्यावर नुसता उजेडाचा धब्बा होता. कागद हळूहळू मागे नेत गेलो, धब्बा आटत गेला आणि एका क्षणी पूर्ण कडुलिंब त्यावर उमटला, फांद्यांसकट, हलणाऱ्या पानांसकट, डोकं खाली आणि खोड वर.

"हे उलटं कामून?" असं विचारून तिने स्वतःच वहीत किरणाकृती काढून उत्तर शोधलं. मग फूटपट्टी लावली. लेन्स कॅमेऱ्याला जिथे टेकते त्या धातूच्या कड्यापासून कागद साधारण साडेचार सेंटिमीटरवर होता. यशिकाच्या या माऊंटसाठी, म्हणजे लेन्स बसवायच्या जागेसाठी, कड्यापासून फिल्मपर्यंतचं ठरलेलं अंतर ४५.५ मि.मी. आहे. याला फ्लँज अंतर म्हणतात, आणि जुन्या लेन्सचा सगळा खेळ या एका अंतराचा आहे.

यशिकासारख्या जुन्या एसएलआर, म्हणजे आरशाच्या, कॅमेऱ्यांचे हे आकडे एकत्र ठेवून पाहण्यासारखे आहेत. निकॉन एफ ४६.५, ऑलिंपस ओएम ४६, पेंटॅक्सचे आणि रशियन झेनिटचे स्क्रूचे माऊंट ४५.४६, मिनोल्टा ४३.५, कॅनन एफडी ४२ मि.मी. सगळे चाळिशीत. कारण लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा तिरका बसलेला असायचा. लेन्समधून आलेलं दृश्य तो वर, डोळ्याकडे पाठवायचा आणि बटण दाबलं की फटकन वर उचलला जायचा. त्याला फिरायला जागा हवी, म्हणून लेन्स तेवढी लांब बसवावी लागे.

मिररलेस कॅमेऱ्यात तो आरसाच काढून टाकला. फिल्मच्या जागी बसलेल्या सेन्सरवर पडलेलं चित्र थेट छोट्या पडद्यावर दिसतं. त्यामुळे लेन्स सेन्सरच्या जवळ आणता आली. सोनीच्या ई माऊंटमध्ये हे अंतर १८ मि.मी. आहे, निकॉन झेडमध्ये १६, कॅनन आरएफमध्ये २०. आता वजाबाकी करा. ४५.५ मधून १८ गेले की उरतात २७.५. बरोबर तेवढ्या लांबीची धातूची पोकळ नळी मध्ये बसवली की मामांच्या लेन्सला आपण घरीच आहोत असं वाटतं. त्या नळीला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. आत काच नाही, वायर नाही. जिथे आरसा असायचा तिथे फक्त हवा.

हे आरशाच्या सगळ्याच डिजिटल कॅमेऱ्यांवर जमत नव्हतं. ४५.४६ ची रशियन लेन्स ४६.५ च्या निकॉनवर लावायची तर नळीची लांबी उणे यायला हवी! लेन्स १ मि.मी. जास्त लांब बसते. आणि ५० मि.मी.च्या लेन्ससाठी १ मि.मी. म्हणजे फार झालं. नाभीय अंतराचा, म्हणजे ५० चा, वर्ग करा, २५००, आणि त्याला लेन्स जितकी जास्त पुढे सरकली त्या मिलिमीटरांनी भागा. उत्तर २५०० मि.मी. म्हणजे अडीच मीटरच्या पलीकडचं काहीच फोकसमध्ये येणार नाही. समोर बसलेल्या माणसाचा फोटो येईल, अंगणापलीकडच्या झाडाचा येणार नाही.

या गणिताचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. पहिला अ‍ॅडॅप्टर स्वस्तातला मागवला होता. तो घेऊन दौलताबादला गेलो. जवळच्या भिंती छान येत होत्या, पण लांबून चांद मिनार काही केल्या टोकदार येईना. रिंग अनंताला जाऊन टेकलेली, तरी कडा पिंजलेल्या. अ‍ॅपर्चर एफ ८ वर नेलं, म्हणजे छिद्र लहान केलं, की ठीक वाटायचं, म्हणून आठवडाभर मी लेन्सलाच दोष देत होतो. मग अ‍ॅडॅप्टर मोजून घेतला. तो ०.१ मि.मी.ने लांब निघाला. म्हणजे २५०० भागिले ०.१, २५ मीटर. त्यापुढचं जग त्या लेन्सला दिसतच नव्हतं. एफ २ वर, म्हणजे छिद्र मोठं असताना, त्या चुकीमुळे प्रत्येक बिंदूचा ०.०५ मि.मी.चा ठिपका होत होता. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००६ मि.मी.चा, म्हणजे एक बिंदू आठ पिक्सेलवर सांडत होता. एफ ८ वर तोच ठिपका चौपट लहान होतो, म्हणून चूक झाकली जायची. बरेच अ‍ॅडॅप्टर मुद्दाम केसभर आखूड बनवतात ते याचसाठी. मग रिंग अनंताच्या थोडी पुढे जाते आणि लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे जरा चुकतात, पण लांबचं दृश्य हातचं जात नाही.

फुल-फ्रेमचं महत्त्व समजायला जुनी निगेटिव्ह उजेडात धरावी. तिच्यातली चौकट ३६ बाय २४ मि.मी.ची असते. फुल-फ्रेम सेन्सर तेवढाच. त्याआधीच्या छोट्या सेन्सरवर या लेन्सच्या चित्राचा फक्त मधला तुकडा पडायचा, आणि ५० मि.मी.ची लेन्स ७५ किंवा १०० मि.मी.सारखी वागायची. २०१३ मध्ये सोनीचा ए७ आला, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅननही या वाटेला आले, आणि मामांची लेन्स जेवढं दाखवायची तेवढं सगळं परत दिसू लागलं.

अर्थात फिल्म आणि सेन्सर एक नव्हेत. सेन्सरवर फिल्टरच्या काचेचा थर असतो, काही कॅमेऱ्यांत तो २ मि.मी.च्या आसपास जाडीचा. प्रकाश सरळ आला तर तो थर बाधत नाही, फार तिरका आला तर काचेत वाकडा होऊन भलत्या पिक्सेलवर जातो. आरसा नसलेल्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या रुंद लेन्स फिल्मला चिकटून बसत आणि कोपऱ्यांकडे किरण अगदी आडवे पाठवत. आज त्या लावल्या की कोपरे पुसट होतात, कधी जांभळट झाक येते. एसएलआरच्या लेन्सना मात्र आरशामुळे लांब राहावं लागलं, त्यामुळे त्यांचे किरण बरेच सरळ येतात. तेव्हाची अडचण आज फायद्याची ठरली. नवख्याने सुरुवात एसएलआरच्या ५० मि.मी.नेच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्याकडे एक हेलिओस ४४-२ आहे, ५८ मि.मी., एफ २, सोव्हिएत बनावटीची. तिच्या काचांची मांडणी जुन्या घराण्यातली. गणितज्ञ गाउसने १८१७ मध्ये दुर्बिणीसाठी दोन भिंगांची जोडी सुचवली होती. पुढे तशा दोन जोड्या समोरासमोर ठेवण्याची कल्पना आली आणि १८९६ मध्ये झाइस या जर्मन कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांनी त्यातून प्लानार लेन्स घडवली. मांडणी उत्तम, पण एक दुखणं होतं. काचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फेकतो. हेलिओससारख्या ६ काचा चिकटवून ४ गट केलेले असतील तर हवेला लागणारे पृष्ठभाग ८. प्रत्येक वेळी ९६ टक्केच पुढे गेला तर शेवटी उरतो ७२ टक्के. हरवलेल्या २८ मधला काही भाग आतल्या आत आपटत राहतो आणि चित्रावर धुक्यासारखा पसरतो. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ थर चढवण्याची पद्धत काढली आणि या मांडणीचे दिवस पालटले. जुन्या लेन्स तिरक्या करून पाहिल्या तर निळी-जांभळी झाक दिसते, ती या थराची. पण बऱ्याचदा तो एकेरीच असतो. म्हणून आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पांढऱ्या आभाळाखाली हेलिओस फिकट पडते. पुढे ऊन अडवणारा हूड लावावा, नाहीतर टोपी धरावी. लगेच फरक दिसतो.

हेलिओसचं नाव मात्र झालं ते तिच्या फोटोंतल्या मागच्या धूसर भागामुळे. कडुलिंबाच्या दाट पानांसमोर माणूस उभा करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, आणि मागची पानं माणसाभोवती गोल फिरताना दिसतात, पालखीसोहळ्यात रिंगण धरावं तशी. मधोमध धूसर ठिपका गोल असतो. कडेचा प्रकाश लेन्समध्ये तिरका शिरतो, तेव्हा पुढच्या आणि मागच्या काचांचे काठ त्याचा थोडा भाग कापतात आणि गोलाचा बदाम होतो. सगळे बदाम केंद्राभोवती आडवे लागतात आणि डोळ्याला ते फिरत्या रांगेसारखे वाटतात. एफ ४ वर नेलं की रिंगण मोडतं, कारण आता लहान झालेलं छिद्रच प्रकाश ठरवतं, काठांची कापाकापी उरत नाही. ज्या गोष्टीला भिंगशास्त्र दोष म्हणतं तिच्यावर माझा जीव आहे.

फोकस हाताने करायचा म्हणजे नक्की काय होतं? रिंगच्या आत आटे असतात, ते सगळ्या काचांना मिळून पुढे-मागे सरकवतात. अनंतावरून १ मीटरवर यायला ५० मि.मी.ची लेन्स जेमतेम २.६ मि.मी. पुढे येते. तेवढ्याशा प्रवासासाठी रिंग अर्ध्या फेरीच्या आसपास फिरवावी लागते, म्हणून बोटांना केसाइतका फरकही साधता येतो. एफ २ वर, १ मीटरवरच्या चेहऱ्यात साधारण ४-५ सेंटिमीटरचीच खोली टोकदार येते. पापण्या आल्या तर कान येत नाहीत. इथे कॅमेरा मदत करतो. शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये उजेडाचा फरक जिथे अचानक वाढतो, तिथे कडा टोकदार आहे असं धरून तो तिथे लाल किंवा पिवळी रेघ दाखवतो. याला फोकस पीकिंग म्हणतात. उघड्या अ‍ॅपर्चरवर जुन्या लेन्सचं चित्र मऊ असतं, तेव्हा ही रेघ फसवते. चित्र पडद्यावर मोठं करून डोळ्यानेच ठरवलेलं बरं. पहिल्या दिवशी बटण दाबूनही काहीच झालं नाही तर घाबरू नका. लेन्सला विजेचे टोक नसल्याने काही कॅमेऱ्यांना लेन्स लागलीच नाही असं वाटतं. मेनूत लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याची सोय असते. कॅमेऱ्यात हलतं चित्र सावरण्याची यंत्रणा असेल तर तिथे ५० हा आकडाही भरावा लागतो.

अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आणि तसंच असायला हवं. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या झूम लेन्स ५० मि.मी.वर बऱ्याचदा एफ ५.६ पर्यंतच उघडतात. एफ २ त्याच्या जवळपास आठपट प्रकाश आत घेते. त्या मंद उजेडात हा आठपटीचा फरक म्हणजे हललेलं चित्र आणि स्थिर चित्र यांच्यातला फरक.

निगराणीबद्दल दोनच गोष्टी. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या जुन्या लेन्समध्ये बुरशीची जाळी बऱ्याचदा सापडते. आपली हवा कोरडी, त्यामुळे इथल्या लेन्स त्या मानाने वाचतात. पण पावसाळ्यात चामड्याच्या खोळीत ठेवल्या तर इथेही बुरशी लागते, घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल बरं. दुसरं ऊन. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या लेन्सचं ग्रीस पातळ होतं, तेल अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात. काळ्या मातीच्या फुफाट्याची मात्र लेन्समध्ये भीती नको. काचेवरचा कण चित्रापासून इतका लांब असतो की त्याची सावली उमटतच नाही. तोच कण सेन्सरवर बसला की प्रत्येक फोटोच्या आभाळात डाग देतो, म्हणून वाऱ्यात लेन्स बदलू नये.

नवा अ‍ॅडॅप्टर आल्यावर मामांना घेऊन अंबाजोगाईतल्याच हत्तीखान्याच्या लेण्यात गेलो. पीकिंगची लाल रेघ त्यांना दाखवली. "हे बंद कर, मधे येतंय," म्हणाले. कॅमेरा डोळ्याला लावला. डाव्या हाताची बोटं रिंगवर आपोआप गेली, न बघता खटके मोजले, एक, दोन, तीन, आणि एफ ५.६ वर थांबले. दगडी हत्तीच्या डोळ्यावर फोकस आणताना रिंग थोडी पुढे नेऊन परत मागे घेतली. घरी येऊन फोटो मोठा केला. छिन्नीच्या खुणा मोजता येत होत्या.